पडद्याकडे पाठ करून बसणारे मास्तर

मास्तर पडद्याकडे पाठ करून सिनेमा पाहायचे. सांगलीच्या आमच्या चित्रपट मंडळाचा खेळ रविवारी सकाळी एका जुन्या थिएटरात असायचा. डोअरकीपरची घडीची लोखंडी खुर्ची मास्तर स्वतः उचलून आणायचे, पडद्याखाली एका कडेला मांडायचे आणि आमच्याकडे तोंड करून बसायचे. दिवे गेले की पडद्यावरचा उजेड आमच्या चेहऱ्यांवर पडायचा आणि मास्तर तेवढाच बघत राहायचे. नवे सभासद बिचकायचे. एका डॉक्टरीणबाईंनी तर तक्रार केली की या गृहस्थांमुळे अंधारातसुद्धा मोकळेपणानं रडता येत नाही. मास्तरांना विचारलं की ते म्हणत, "सगळी हयात फळ्याकडे पाठ करून उभा राहिलोय. पोरांची तोंडं बघितल्याबिगर मला धडा कळत न्हाई."

मास्तर मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. गावातले बरोबरीचे बहुतेक मुंबईला गेले, काही पलटणीत गेले. मास्तर शिकले आणि प्राथमिक शाळेत चिकटले. पहिली नेमणूक जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात. पुढे बदल्या होत होत ते सांगलीत आले आणि इथंच निवृत्त झाले. बोलायला लागले की भाषा पुस्तकी असायची, पण मन हललं की माण बाहेर पडायचं. त्यांच्या पत्नी, आमच्या माई, जतच्या त्या गावात नवी नवरी म्हणून गेल्या आणि पाणवठ्यावरच्या बायकांकडून कानडी शिकून आल्या. इतकी पक्की की अजून तांदूळ मापताना त्या कानडीत मोजायच्या. मास्तरांना मात्र त्यातलं अक्षर येत नव्हतं. माईंनी मापं मोजायला सुरुवात केली की ते उठून अंगणात जायचे. ते का, हे मला फार उशिरा कळलं.

मंडळात मास्तरांचं काम गोष्ट सांगण्याचं. सिनेमे परदेशी, खालची अक्षरं इंग्रजी, ती पळायची भरभर. तेव्हा खेळाच्या आधी मास्तर उभे राहून मराठीत कथा सांगायचे. नावं अडखळतात म्हणून ते पात्रांचं बारसं नव्यानं करायचे. एका फ्रेंच पाववाल्याला त्यांनी पांडूतात्या केलं होतं आणि तो पडद्यावर आला की सबंध थिएटर आपला माणूस आल्यासारखं हसलं होतं. शेवट मात्र ते कधी सांगत नसत. "निम्म्या वाटेपर्यंत सोडायला येतो. पुढं आपापलं जायचं," असं म्हणून खुर्चीकडे वळायचे.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. रिळांबरोबर कधी कधी संवादांचे इंग्रजी कागद यायचे. ते घेऊन मी दुपारी मास्तरांच्या ओसरीवर जायची. मी वाक्यं मराठीत करून सांगायची, मास्तर डोळे मिटून ऐकायचे. मला ते 'बाई' म्हणत, वयानं मी त्यांच्या धाकट्या मुलीएवढी असूनही. "आवं बाई, हे असं कुणी बोलतं व्हय?" असं म्हणून माझं वाक्य उलटंपालटं करायचे आणि ते एकदम माणसाच्या तोंडचं व्हायचं. सांगलीचा खेळ झाला की रिळांचे पत्र्याचे डबे साताऱ्याच्या मंडळाला पोचवायचे असत. तेही आम्ही दोघं एस.टी.नं न्यायचो. कंडक्टरनं डब्यात काय विचारलं की मास्तर म्हणायचे, "माणसं हायत. पर आवाज करत न्हाईत."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा तो तुर्की सिनेमा आला. तुर्की म्हणायचं, पण त्याला पैसा तीन-चार देशांचा लागलेला, आणि बोलणं तुर्की आणि कुर्दी अशा दोन भाषांत. मास्तर म्हणाले, "चार घरच्या पिठाची भाकरी हाय. बघू भाजते कशी." संवादांच्या कागदावर प्रत्येक वाक्यापुढं एक अक्षर होतं, हे वाक्य तुर्की की कुर्दी ते सांगणारं. मी मास्तरांना समजावलं की तिकडं सरकारची भाषा तुर्की, आणि डोंगरातल्या काही लोकांची घरची भाषा कुर्दी. शाळेत, कचेरीत, चौकीवर ती बोललेली चालत नसे.

कथा साधी होती. डोंगरातली एक कुर्दी आजी तापानं फणफणलेल्या नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात निघते. कलिंगडांचा ट्रक नेणारा एक तुर्की ड्रायव्हर नाइलाजानं तिला गाडीत घेतो. तिला त्याची भाषा येत नाही, त्याला तिची. बोटं दाखवत दाखवत पाणी, भाकरी, झोप एवढं ते एकमेकांचं शिकतात. मास्तर खूश होते. आजीचं नाव त्यांनी गंगूआजी ठेवलं. मग चौकीचा प्रसंग आला. पोरगेला सैनिक ड्रायव्हरला खाली उतरवून बाजूला नेतो आणि आजीला विचारतो, पोराला काय झालंय. मी सैनिकाची वाक्यं वाचत गेले. मास्तरांनी डोळे उघडले.

"आणि म्हातारीचं वाक्य?"

मी म्हटलं, "नाहीये. तिचं नाव आहे, पुढं जागा कोरी आहे. तो म्हणतो, आमच्या भाषेत सांग. ती बोलतच नाही."

माई आतून चहा घेऊन आल्या. मास्तरांचा चेहरा पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कप ठेवून परत गेल्या. त्या दिवशीचं काम तिथंच थांबलं.

रविवारी मास्तरांनी गोष्ट सांगितली, पण चौकीपर्यंत आलेच नाहीत. ट्रक घाटात चढवला आणि खुर्चीवर जाऊन बसले. सिनेमा सुरू झाला. ती चौकी आली, सैनिकाचा आवाज आला, आणि मास्तर खुर्चीवर मागं वळले. त्यांना पडद्याकडे बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आजीचा चेहरा सबंध पडदाभर होता आणि खाली मास्तरांचं पांढरं डोकं. थोड्या वेळानं ते उठले आणि बाजूच्या दारानं बाहेर गेले. मी मागोमाग गेले तर सायकल स्टँडपाशी उभे होते. तब्येत बरी आहे ना, विचारलं. ते म्हणाले, "तब्येतीला काय धाड भरलीया. तुमी जावा आत."

मला वाटलं, साताऱ्याला ते येणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर माझ्याआधी हजर. साताऱ्याच्या खेळाला त्यांनी गोष्ट मला सांगायला लावली आणि स्वतः प्रेक्षकांत, मधल्या रांगेत बसले, पडद्याकडे तोंड करून. शेवटपर्यंत हलले नाहीत. सिनेमाचा शेवट मी इथं सांगत नाही, मास्तरांना ते रुचलं नसतं. एवढंच सांगते की दिवे लागल्यावर लोक उठून गेले तरी ते बसून होते, आणि सफाईवाला आला तेव्हा उठले.

परतीच्या एस.टी.त, कराड मागं पडल्यावर, मास्तरांनी मला सगळं सांगितलं. खिडकीबाहेर ऊस होता आणि ते उसाकडे बघत बोलत होते.

जतच्या त्या गावात मुलं घरात कानडी बोलायची, रानात मेंढरांमागं कानडी बोलायची आणि शाळेतलं पुस्तक मराठी. तरुण मास्तरांनी जीव तोडून शिकवलं, पण मुलांच्या तोंडी मराठी बसेना. मग त्यांना युक्ती सुचली. एका मेंढीच्या गळ्यातली घंटी त्यांनी मागून आणली. शाळेत जो कानडी शब्द बोलेल त्याच्या गळ्यात ती घालायची. पुढचा चुकला की त्याच्या गळ्यात. मुलांनाही आधी मजा वाटली. तपासणीला आलेल्या साहेबांना तर ती कल्पना इतकी आवडली की त्यांनी इतर शिक्षकांना ती सांगितली. मुलं हळूहळू गप्प बसायला शिकली. "मला वाटलं, शिस्त लागली," मास्तर म्हणाले. "घंटी वाजू नये म्हणून ती हालत नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई."

सिद्धव्वा नावाच्या एका मुलीच्या गळ्यात ती जास्त असायची. तिचा धाकटा भाऊ बिराप्पा अजून शाळेत घातलेला नव्हता, पण बहिणीमागं यायचा आणि बाहेर खेळत बसायचा. एके दिवशी सिद्धव्वा पाणी प्यायला बाहेर गेली. मास्तर पाढे घेत होते. घंटी धावत आल्याचा आवाज आला आणि दारात थांबला. मास्तरांनी पाहिलं तर ती मुठीत घंटी आवळून धरून उभी होती. "हा..." एवढं म्हणाली आणि दुसरा हात तोंडावर ठेवला. कानडीत सापाला हावु म्हणतात. मास्तर म्हणाले, "मराठीत सांग." ती ओठ हलवत राहिली. मुलं हसली. मास्तर परत म्हणाले, "आठव, मग सांग," आणि पुढचा पाढा घ्यायला फळ्याकडे वळले.

खिडकीपाशी बसलेल्या एका थोराड मुलानं बाहेर जमिनीवर पडलेला बिराप्पा पाहिला, तेव्हा शाळा धावली. फुरसं चावलं होतं, हाताला. मास्तरांनी बैलगाडीत घालून त्याला जतला नेलं. पोरगा वाचला, पण त्या हाताची दोन बोटं काळी पडली ती काढावी लागली. लवकर आणलं असतं तर बोटं राहिली असती का, हे डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत. "आणि मी विचारलं न्हाई," मास्तर म्हणाले. "भ्यालो. आजवर कुणालाच विचारलं न्हाई." सिद्धव्वा त्यानंतर शाळेत आली नाही. मास्तरांनी घंटी परत केली, त्याच वर्षी बदली मागितली आणि गाव सोडलं. गावातून कुणी त्यांना बोल लावला नाही. उलट पोराला गाडीतून नेलं म्हणून निघताना माईंच्या ओटीत शेंगा घातल्या.

मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. मास्तरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तो चौकीवरचा पोरगा तरी कुठं मुद्दाम करत होता, बाई?"

पुढचे काही आठवडे मी ओसरीवर गेले की आतून माईंचा आवाज यायचा, एकच कानडी वाक्य म्हणून दाखवणारा, आणि मग मास्तरांचा, ते चुकवणारा. नन्निंद तप्पातु, तायी. माझ्या हातून चूक झाली, आई. माईंना तो प्रसंग त्याच दिवशी पाणवठ्यावर कळला होता. नवऱ्याशी त्या त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या आणि मास्तरांनीही कधी विषय काढला नव्हता. आता म्हातारपणी दोघं समोरासमोर बसून ते वाक्य घोकत होते. वाक्य बसल्यावर मास्तरांनी मला जतच्या त्या गावी बरोबर चलायला सांगितलं. "एकटा गेलो तर वाटेतनं परत यीन," म्हणाले. माई का नाही, असं मी विचारलं. माईच आतून म्हणाल्या, "मी गेले तर बोलणं मीच करीन. ते त्यांनी करायला पाहिजे."

जतपर्यंत एस.टी. आणि पुढं वडापची जीप. गावात टँकर आलेला होता, बायका घागरी घेऊन भांडत होत्या. शाळेवर आता स्लॅब चढला होता. बिराप्पा कुठं भेटेल म्हणून चौकशी करायची गरजच पडली नाही. वाटेवरच्या पिठाच्या गिरणीत जोंधळा ओतणाऱ्या माणसाच्या एका हाताला तीन बोटं होती. बिराप्पानं मास्तरांना ओळखलं नाही, पण नाव सांगताच गिरणी बंद केली, पिठानं पांढरे झालेले हात झटकले आणि पाया पडला. मास्तर मागं सरकले. तो आनंदानं आम्हाला बहिणीच्या घरी घेऊन गेला. सिद्धव्वा त्याच गावात दिलेली. अंगणात चवाळ्यावर शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, कपाळावर भंडारा. भावानं कानडीत सांगितलं कोण आलंय, तशी ती उठून उभी राहिली.

मास्तर अंगणाच्या कडेला उभे होते. वाक्य त्यांना आठवेना. मला ते पाठ झालं होतं, मी सांगू शकले असते, पण ती माझी जागा नव्हती. सिद्धव्वा वाट पाहत राहिली, जराही घाई न करता. शेवटी मास्तरांनी हात जोडले आणि ते वाक्य म्हटलं, अडखळत, पण पूर्ण.

ती म्हणाली, "मराठीत बोला मास्तर. मला येतंय आता. आटपाडीच्या बाजारात मेंढरं इकायची तर तीच बोलावी लागती."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला मास्तरांची अडचण सोडवायची होती. पण मास्तर तिथंच खाली बसले. मग मराठीत सगळं बोलले: घंटी, दार, पाढा. बिराप्पा मध्येच म्हणाला की त्याला यातलं काहीच आठवत नाही, बोटांवाचून त्याचं काही अडलेलं नाही. सिद्धव्वानं त्याला गप्प केलं. मास्तरांचं संपेपर्यंत ती शेंगेचं एक टरफल हातात फिरवत होती. मग म्हणाली, "तुमचं काय न्हाई मास्तर त्यात. मीच त्याला म्हनलं हुतं, दगडाखाली हात घाल, तितं बोरं ठेवल्यात. चेष्टा केली मी. मग साप निघाला. माजं मलाच भ्या वाटलं, म्हणून तोंडातनं शबूद फुटंना. शाळा सोडली ती मेंढरं नदीकाठाला न्यायची हुती म्हणून. घंटीचं तर मी इसरूनबी गेल्ते."

बिराप्पा बहिणीकडे पाहत राहिला, हे ऐकून नवल वाटल्यासारखा. मी ते पाहिलं. मास्तरही पाहत होते. सिद्धव्वानं शेळीच्या दुधाचा चहा केला आणि निघताना माईंसाठी हुरड्याची पिशवी दिली.

परतताना मला वाटत होतं की मास्तरांना हलकं वाटेल. मी तसं म्हणालेही. मास्तर पिशवी मांडीवर धरून बसले होते. ते म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई. माणूस इतकं चांगलं वागलं की मग पळायला जागाच ऱ्हात न्हाई."

त्यानंतर त्यांनी मंडळात गोष्ट सांगणं सोडलं. आम्ही फार आग्रह केला. ते म्हणाले की दुसऱ्याच्या भाषेतलं आपल्या भाषेत ओढून आणायची आपली हौस आता फिटली. आठवड्यातून एकदा मात्र ते जतची एस.टी. धरायचे. त्या शाळेतल्या तरुण गुरुजींना विचारून ते पहिलीच्या वर्गात बसायला लागले. मराठी शब्द सांगायचा आणि याला तुम्ही काय म्हणता असं मुलांना विचारायचं, एवढंच काम. मुलं त्यांचे उच्चार ऐकून लोळून हसायची. एकदा मी बरोबर गेले होते. मुलांनी त्यांना एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला आणि त्यांना काही तो जमेना. बाहेर आल्यावर मी म्हटलं, किती छान रमता तुम्ही. ते म्हणाले, "रमतो म्हणूनच लाज वाटती. हे तवा करायचं हुतं." सिद्धव्वाचं घर शाळेच्या वाटेवरच होतं. तिथं ते पुन्हा कधी गेले नाहीत.

दीड-दोन वर्षांनी, दिवाळी उरकल्यावर, मास्तर गेले. सकाळी अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं होतं आणि ते ओसरीवर बसल्या जागी कलंडले. मंडळानं शोकसभा घेतली, मी भाषण केलं, पांडूतात्याची आठवण सांगितली, लोक हसले आणि रडले. जतबद्दल मी काही बोलले नाही. ते सांगण्याचा अधिकार माझा आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं, आणि आता लिहितानाही पुरतं वाटत नाही.

दिवस झाल्यावर सिद्धव्वा आणि बिराप्पा माईंना भेटायला आले. बिराप्पा बाहेर माझ्याशी पावसापाण्याचं बोलत बसला. आत सिद्धव्वा माईंच्या पुढ्यात जमिनीवर बसून कानडीत बोलत होती, खाली मान घालून, बराच वेळ. मला त्यातला फक्त 'मास्तर' कळत होता. माई मध्ये एकदाच काहीतरी बोलल्या. जाताना सिद्धव्वानं माईंचे हात हातात घेतले आणि डोळे पुसत ओसरीच्या पायऱ्या उतरून गेली.

ती काय म्हणाली, असं मी माईंना विचारलं. विचारावं की नाही, याचा थोडा विचार करून विचारलं.

माई म्हणाल्या, "म्हणत होती, दगडाचं मी मास्तरांना खोटं सांगितलं. बोरं नव्हती की काही नव्हतं. साप म्हणायचं होतं आणि भीतीनं तो मराठी शब्द आठवत नव्हता, एवढंच. पण एवढ्या लांब आलेलं म्हातारं माणूस, तसंच कसं परत पाठवायचं, म्हणून बोलून गेले. आता ते गेले आणि खोटं माझ्यापाशी राहिलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

माईंनी कपबशा गोळा करायला घेतल्या. "मी म्हटलं, ते त्यांना तिथंच कळलं होतं, सिद्धव्वा. तू दिलंस म्हणून घेऊन आले. परत करायचं त्यांना धाडस झालं नाही."